युद्धकाळातली व्यंगचित्रं ग्रीटिंग कार्डावर छापायचीत? आधी चित्र नीट वाचा, कागदाचं नंतर बघू

तुम्ही विचारलंय की आजोबांच्या ट्रंकेत १९३९ ते ४५ मधली इंग्रजी पेपरांची आणि मराठी मासिकांची कात्रणं निघाली, त्यातली राजकीय व्यंगचित्रं ग्रीटिंग कार्डावर छापून दिवाळीच्या आधी ठाण्यातल्या एखाद्या प्रदर्शनात टेबल लावायचं मनात आहे, तर कॉपीराइट लागतो का, स्कॅन कसं करायचं, कागद कुठला घ्यायचा आणि कार्डावर आजोबांचं नाव टाकलं तर चालेल का. मी नौपाड्यात बरीच वर्षं जुन्या चित्रांच्या रीप्रिंटची कामं करतोय, कार्डं, कॅलेंडरं, फ्रेमचे प्रिंट वगैरे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. छपाई हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. लोक अडकतात ते चित्र निवडताना, कारण व्यंगचित्र हे त्या दिवसाच्या बातमीवर उभं असतं आणि बातमी काढून घेतली की ते एकतर नुसतं गमतीदार दिसतं नाहीतर भलतंच काही बोलायला लागतं.

पण हक्कांचं आधी उरकून टाकू. कात्रण तुमचं आहे म्हणून चित्र तुमचं होत नाही. कागदाचे मालक तुम्ही, चित्राचे हक्क चित्रकाराचे नाहीतर त्याच्या वारसांचे. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रकार वारल्यानंतर पुढची ६० वर्षं, आणि ही ६० मोजायची ती मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून. त्यामुळे चित्र किती जुनं आहे यावर काही ठरत नाही, माणूस कधी गेला ते शोधावं लागतं. उदाहरण घ्या, तुमच्या इंग्रजी कात्रणांमध्ये डेव्हिड लो असणारच, लंडनच्या ईव्हनिंग स्टँडर्डचा, कर्नल ब्लिंप हे विनोदी पात्र काढणारा, ज्याचं नाव नाझींनी इंग्लंड जिंकल्यावर पकडायच्या माणसांच्या यादीत घालून ठेवलं होतं तो. हा गेला सप्टेंबर १९६३ मध्ये, म्हणजे भारतात ३१ डिसेंबर २०२३ ला त्याची मुदत संपली, इथे छापा इथे विका, काही प्रॉब्लेम नाही. पण इंग्लंडात मृत्यूनंतर ७० वर्षं धरतात, म्हणजे तिकडे २०३३ संपेपर्यंत हक्क चालू, आणि अमेरिकेत परदेशी चित्रांना बहुतेक वेळा छापल्यापासून ९५ वर्षं लागतात, म्हणजे १९४० चं चित्र तिकडे २०३६ उजाडल्यावर मोकळं होणार. आता गावदेवी मैदानावरच्या स्टॉलला याचा काही फरक पडत नाही पण इन्स्टावर टाकून न्यू जर्सीच्या मावशीच्या मैत्रिणींना पार्सल पाठवायला लागलात की पडतो. ऑनलाइन विकणार असाल तर 'फक्त भारतात डिलिव्हरी' लिहा आणि ते पाळा.

भारतीय व्यंगचित्रकारांचं गणित उलटं बसतं, कारण आपले बरेच लोक त्या मानाने उशिरा गेले (चांगलंच आहे की). शंकर, म्हणजे शंकर पिल्लई, १९३२ पासून हिंदुस्तान टाइम्सला होते, लिनलिथगोपासून वेव्हेलपर्यंत कुठल्या व्हाइसरॉयला सोडलं नाही त्यांनी, पण ते गेले १९८९ ला, म्हणजे २०४९ संपेपर्यंत परवानगीशिवाय हात लावायचा नाही. दीनानाथ दलाल १९७१ ला गेले, २०३१ पर्यंत थांबा. शंकरराव किर्लोस्कर १९७५, म्हणजे २०३५. मराठी मासिकांतली चित्रं म्हणूनच बाजूला काढून ठेवा आणि एकेकाचं नाव शोधा. परवानगी मागताना अजून एक गोष्ट, लोक पेपरच्या ऑफिसला मेल टाकतात, तिकडून 'हरकत नाही' आलं की खुश. पण नोकरीतल्या चित्रकाराच्या बाबतीत आपल्या कायद्याच्या कलम १७ मध्ये पेपर-मासिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा आणि बाकीचे हक्क चित्रकाराचे अशी वाटणी आहे, वेगळा करार असेल तर गोष्ट निराळी, शिवाय १९५७ च्या आधीच्या कामाला जुना कायदा पण मध्ये येतो. ग्रीटिंग कार्ड म्हणजे पेपरात छापणं नव्हे. म्हणून पेपर आणि वारस दोघांनाही विचारा आणि लेखी घ्या, दोन ओळींचं पत्र पुरतं. माझ्या अनुभवात वारस सहसा नाही म्हणत नाहीत, उलट आपल्या वडिलांचं काम कोणाला तरी आठवतंय याचंच त्यांना बरं वाटतं, दहा कार्डं पाठवा म्हणतात फक्त.

सही नसलेली चित्रं असतील तर? निनावी चित्राला छापल्यापासून ६० वर्षं, म्हणजे १९४३ चं निनावी चित्र २००३ संपताच मोकळं. पण त्यासाठी तारीख पाहिजे, आणि आजोबा लोक कात्रण कापताना तारीख नेमकी कापून टाकायचे. इथे कात्रण उलटं करून बघा. पाठीमागे अर्धी जाहिरात असते, शेअरचे भाव, रेशनची सूचना, सिनेमाचा खेळ. मुंबईत रेशनिंग १९४३ ला आलं, त्यामुळे धान्याच्या कार्डाचा उल्लेख दिसला की त्याच्या आधीचं नाही एवढं तरी कळतं, 'किस्मत' सिनेमाची जाहिरात असेल तर तेच. मग ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जा, १८९३ पासूनची संस्था आहे, जुन्या मासिकांच्या फायली चाळायला मिळतात का विचारा, आणि चालू मोबाइल घेऊन आत घुसण्याआधी तिथल्या माणसाशी नीट बोला, फार मदत करतात.

एक खास आपल्याकडचा अडथळा आहे आणि तो कोणीच सांगत नाही. ४२ च्या सुमाराची भारतीय राजकीय व्यंगचित्रं म्हणजे त्यातल्या निम्म्यात गांधीजी असणार, क्रिप्स आला, चले जाव झालं, सगळीकडे तेच. आता १९५० चा एक कायदा आहे, बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराबद्दलचा, त्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी वगैरेंची नावं आणि चित्रं धंद्यासाठी वापरायला मनाई आहे, कॅलेंडरला अटींसकट थोडी सूट आहे पण कार्डाला ती सरळ लागू होत नाही. कॉपीराइट संपला तरी हा कायदा संपत नाही. तेव्हा गांधीजींची व्यंगचित्रं घरच्या अल्बमला ठेवा, विकायच्या सेटमध्ये नको. कोणी म्हणेल बाजारात ढिगाने विकतात की, विकतात, तुम्ही त्यांच्या रांगेत उभं राहायची गरज नाही.

आता खरा मुद्दा, चित्र कुठलं घ्यायचं.

लो ची दोन चित्रं सगळ्यांना माहीत असतात. एक १८ जून १९४० चं, खवळलेल्या समुद्रात खडकावर एकटा टॉमी, म्हणजे ब्रिटिश शिपाई, उभा, वर आकाशात विमानं आणि हा मूठ उगारून म्हणतोय, बरं तर मग, एकटे. फ्रान्सने आदल्याच दिवशी तहाची भाषा सुरू केली होती. हे चित्र लोक कार्डावर घेतात ते परीक्षेला बसणाऱ्याला, नवीन धंदा टाकणाऱ्याला, नोकरी सोडलेल्याला द्यायला, आणि चित्र म्हणून ते झक्कास आहेच, ब्रशचे फटकारे बघत बसावेत असे. पण आपण इथे बसून ते वाचताना थोडं थांबायला हवं. एकटे कसले? युद्ध संपेपर्यंत आपल्याच सैन्यात २५ लाखांच्या आसपास माणसं होती. आणि गंमत म्हणजे ही गोष्ट त्याच वर्षी जुलैमध्ये एका इंग्रजानेच काढली, 'पंच' या इंग्रजी विनोदी साप्ताहिकातला फुगास, त्याच्या चित्रात दोन शिपाई, एक म्हणतो आपलं बिचारं साम्राज्य जगात एकटं पडलं, दुसरा म्हणतो हो ना, आपण सगळे पन्नास कोटी. मी असतो तर ही दोन कार्डं जोडीने विकली असती, एकाच पाकिटात. फुगास १९६५ ला गेला, भारतातली मुदत २०२५ संपताना संपते.

दुसरं चित्र २० सप्टेंबर १९३९ चं. हिटलर आणि स्टालिन एकमेकांना टोपी काढून कमरेत वाकून नमस्कार करतायत आणि तोंडाने शिव्या देतायत. हे बघितलं की लोकांना लगेच आयडिया सुचते, सोसायटीच्या चेअरमन-सेक्रेटरीला देऊ, व्याह्यांना देऊ, एक्स पार्टनरला देऊ. माझ्याकडे एकाने हे कार्डसाठी आणलं होतं आणि खालचा भाग कापून फक्त दोन वाकलेली माणसं ठेव म्हणाला, कारण साइझमध्ये बसत नव्हतं. खालच्या भागात काय आहे? पोलंडचं प्रेत आहे. त्या दोघांच्या मध्ये जमिनीवर माणूस मरून पडलाय आणि ते त्याच्यावरून वाकून नमस्कार करतायत, चित्राचा सगळा राग तिथे आहे. तो भाग कापला तर उरतात दोन विनोदी म्हातारे. मी नाही म्हटलं, अख्खं छाप नाहीतर दुसरं घे. अख्खं छापलं तर ते शुभेच्छापत्र राहत नाही हेही त्याला पटलं आणि त्याने ते आतून कोरं ठेवून इतिहासाच्या मास्तरांना द्यायला घेतलं. म्हणजे क्रॉप हा नुसता डिझाइनचा निर्णय नाही. मथळा बदलणं, फुग्यातला मजकूर पुसून मराठी जोक टाकणं हे तर त्याहून पुढचं, कॉपीराइट कायद्याच्याच कलम ५७ प्रमाणे चित्रकाराचं नाव राहण्याचा आणि काम विद्रूप न होण्याचा हक्क कॉपीराइटपेक्षा वेगळा आहे आणि तो वारसांनाही बजावता येतो. मराठी ओळ द्यायची तर आतल्या पानावर द्या, चित्रावर नको.

मग हलकंफुलकं, खरंच भेट म्हणून देता येईल असं काय आहे? भरपूर आहे. पहिल्या महायुद्धातला ब्रूस बेअर्न्सफादर घ्या, स्वतः खंदकात लढलेला माणूस, त्याचं १९१५ चं चित्र: तोफगोळ्याच्या खड्ड्यात दोन शिपाई दबून बसलेत, चहूबाजूंनी गोळे फुटतायत, एक कुरकुरतोय आणि दुसरा वैतागून म्हणतो, याहून बरा खड्डा माहीत असेल तर जा की तिकडे. हे कार्ड घोडबंदर रोडला नवीन फ्लॅट घेतलेल्या मित्राला द्या, काही लिहायचीच गरज नाही. बेअर्न्सफादर १९५९ ला गेला, भारतात २०२० पासून मोकळा. आणि ही चित्रं त्या काळातच पोस्टकार्डं म्हणून निघाली होती, द बायस्टँडर मासिकाने काढलेली, म्हणजे तुमची कल्पना काही आजची नाही, खंदकातले लोक हीच कार्डं घरी पाठवायचे.

फुगासची १९४० ची सरकारी पोस्टरंही कार्डाला चपखल बसतात. मोजक्या रेषा, मोकळी पांढरी जागा, आणि विषय काय तर बेसावध बोलू नका. बसमध्ये दोन बायका गप्पा मारतायत आणि मागच्या सीटवर हिटलर आणि त्याचा साथीदार गोअरिंग कान देऊन बसलेत, एकात तर भिंतीच्या वॉलपेपरवर सगळीकडे हिटलरचीच तोंडं. आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला याहून चांगलं कार्ड नाही. ही पोस्टरं ब्रिटिश सरकारची, सरकारी कॉपीराइट ५० वर्षांचा, तो कधीच संपला. जगभर मगांवर-टीशर्टांवर दिसणारं 'शांत राहा आणि पुढे चला' (कीप काम अँड कॅरी ऑन) हे १९३९ चं पोस्टरही त्याच कारणाने मोकळं आहे, पण कृपा करून ते करू नका, कंटाळा आलाय.

काय टाळायचं तेही सांगतो. जपान्यांवरची चित्रं, दात पुढे, डोळे फटीसारखे, माकडाचं अंग, अमेरिकन पेपरांत यांचा सुकाळ होता आणि पुढे लहान मुलांच्या पुस्तकांसाठी जगप्रसिद्ध झालेल्या डॉक्टर स्यूसनेसुद्धा अशी काढलीत. अभ्यासाला ठेवा, भेट म्हणून देऊ नका. पहिल्या युद्धातला डच चित्रकार लुई रामाकर्स, त्याची चित्रं तेव्हा पोस्टकार्डांवर आणि सिगारेटच्या पाकिटातल्या कार्डांवर सुद्धा निघाली, माणूस मोठाच, पण त्यात प्रेतं आणि रडणाऱ्या आया आहेत, दिवाळीला कोणाच्या हातात देणार? आणि तिसरं, हिटलरच्या दंडावरचं चिन्ह. आपल्या घरात दारावर, वहीच्या पहिल्या पानावर स्वस्तिक असतं, दिवाळीच्या कार्डावर तर असतंच. तुमच्या टेबलावर एका बाजूला रांगोळीची कार्डं आणि शेजारी दंडावर हाकेनक्रॉइत्स (नाझींचं स्वस्तिक) असलेला हिटलर असं मांडलंत तर अर्धी गिऱ्हाइकं गोंधळणार आणि उरलेली भांडणार. शिवाय जर्मनीत ते चिन्ह मिरवणं गुन्हा आहे, तिकडच्या भाच्याला पोस्टाने पाठवताना लक्षात ठेवा. माझा साधा नियम आहे, जे चित्र समजवायला आतल्या पानावर परिच्छेदभर मजकूर लागतो ते कार्ड नाही, ते पुस्तकातलं पान आहे.

मागच्या बाजूला मात्र बारीक टाइपात चार गोष्टी प्रत्येक कार्डावर पाहिजेतच: चित्रकाराचं नाव, कुठल्या पेपरात, कुठल्या तारखेला, आणि त्या आठवड्यात काय घडलं ते एका वाक्यात. 'जुने व्यंगचित्र' असं लिहून विकलेली कार्डं मी बघितलीत, गिऱ्हाईक उलटून बघतो आणि परत ठेवतो. तारीख असली की तोच माणूस पाच मिनिटं उभा राहून वाचतो, आणि वाचणारा घेतो.

स्कॅनिंग. युद्धातला न्यूजप्रिंट म्हणजे आधीच लाकडाच्या लगद्याचा हलका कागद, त्यात टंचाई, त्यामुळे पातळ, आम्लाने ठिसूळ झालेला आणि ठाण्याच्या पावसाळी हवेत ऐंशी वर्षं काढलेला. घडी उलगडताना घडीवरच तुटतो. सेलोटेप अजिबात लावू नका, इस्त्री फिरवू नका (लोक फिरवतात!), दोन कोऱ्या कागदांमध्ये जड पुस्तकाखाली दोन-तीन दिवस ठेवा. कसर लागलेली असेल तर ते कात्रण बाकीच्यांपासून वेगळं करा. स्कॅनरवर ठेवलं की कात्रणाच्या पाठीमागे काळा कार्डपेपर ठेवायचा, पांढरा नाही. पांढऱ्याने मागच्या बाजूची अक्षरं आरपार येतात आणि मग हिटलरच्या गालावर उलटी रेशनची सूचना दिसते, काळ्याने ती दबतात, चित्र थोडं गडद येतं पण ते नंतर उजळता येतं.

मग भिंग घेऊन चित्र बघा, ते रेषेचं आहे का ठिपक्यांचं. बहुतेक व्यंगचित्रं लाइन ब्लॉकवरून, म्हणजे जस्ताच्या ठशावरून छापलेली असतात, भिंगातून रेषेच्या कडेला शाई दाबली जाऊन जमलेली गडद किनार दिसेल, मधला भाग किंचित फिका. ही किनार छान असते, ठेवा. अशी चित्रं ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) ग्रेस्केलमध्ये, करड्या छटांत, स्कॅन करा, मोठी करायची असतील तर १२००, आणि काळं-पांढरं नंतर हाताने करा, स्कॅनरच्या ऑटो सेटिंगवर सोडलंत तर फुगाससारख्याच्या बारीक रेषा तुटतात आणि लो चे काळे पट्टे बुजतात. ठिपक्यांचं, म्हणजे हाफटोनचं असेल तर जास्त काळजी, पेपरचे जुने ठिपके आणि आजच्या मशीनचे नवीन ठिपके एकमेकांवर बसले की चौकटीचौकटीची जाळी दिसते, मोआरे म्हणतो आम्ही. आधी मोठ्या रेझोल्यूशनला स्कॅन, मग डीस्क्रीन, म्हणजे सॉफ्टवेअरने जुने ठिपके विरघळवणं, मग लहान करायचं, हा क्रम उलटा करू नका.

पिवळेपणाचं काय करायचं हे सगळे विचारतात. माझं मत, पिवळा कागद स्कॅन करून तो चार रंगांत छापणं म्हणजे नाटकातली पिकलेली दाढी. पिवळेपणा काढून टाका, चित्र एकाच काळ्या शाईत छापा, चार रंग मिसळून केलेला काळा नको कारण मशीन केसभर हललं की रेषेला लाल-निळी झालर येते, आणि जुनेपणा हवा असेल तर नॅचरल शेडचा कागद घ्या. जाडी २५० ते ३०० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम) पुरे. चकचकीत आर्ट कार्ड नको, त्यावर आत पेनने लिहिलं की पसरतं, मॅट लॅमिनेशनवर तर जेल पेन चालतच नाही, आणि लिहिता न येणारं ग्रीटिंग कोण घेणार. क्रीजिंग, म्हणजे घडीच्या जागी खाच दाबून घेतल्याशिवाय घडी घालू नका आणि ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, घडीला समांतर आहे ना ते प्रेसवाल्याला विचारा, नाहीतर डिजिटल प्रिंटची शाई घडीवर पापुद्र्यासारखी निघते. साइझ ए६ बंद, ए५ उघडं ठेवलंत तर १३ बाय १९ इंचाच्या शीटवर ब्लीडसकट (म्हणजे कापायच्या रेषेबाहेर थोडी वाढवलेली छपाई धरून) चार बसतात, १२ बाय १८ ला ब्लीड धरून बसत नाहीत, पण तुमच्या चित्राभोवती कोरी कडाच असणार असेल तर ब्लीड कशाला हवं, मग तिथेही जमतं का विचारून बघा. वागळे इस्टेटला मोठी ऑफसेट कामं होतात पण पहिल्या खेपेला तिकडे जाऊ नका, एकेका डिझाइनची पंचवीस-तीस डिजिटल काढा, कुठलं खपतं ते कळलं की मग बघू. आणि पाकीट आधी घ्या, कार्ड मग कापा. पाकिटं ठराविक मापातच मिळतात.

राहता राहिलं आजोबांचं नाव. जरूर टाका, पण मागच्या बाजूला 'संग्रह' म्हणून, चित्रकाराच्या नावाच्या खाली आणि त्याहून लहान टाइपात. काही कात्रणांवर त्यांनी पेन्सिलीने काही लिहिलेलं असेल, खूण केली असेल, अधोरेखा मारली असेल तर ती पुसायला जाऊ नका. तो स्कॅन वेगळा जपा आणि एखाद्या कार्डाच्या आतल्या पानावर त्यांचं अक्षर जसंच्या तसं छापा. ते त्यांनी लिहिलंय, हक्क तुमच्या घरातच आहेत, फक्त सगळ्या काका-आत्यांना आधी दाखवा.